आठवणीतला पट आणि प्रायोजक: सीमेच्या अलीकडे काय चालते, पलीकडे काय नाही

दिवाळी झाली, धान घरात आले की विदर्भातल्या गावांत पटाची बोलणी सुरू होतात. बहुतेक पत्रिकांवर 'स्व. अमुक यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ' अशी ओळ असते. गावाला वळण लावणारा माजी सरपंच, जोडी पळवण्यात हयात घातलेला धुरकरी, अपघातात अकाली गेलेला तरुण मुलगा, अशा कोणाच्या तरी आठवणीसाठी घरचे आणि मित्रमंडळी पट भरवतात. पहिल्या वर्षी पैसा हळहळीपोटी जमतो. दुसऱ्या वर्षी फोन करावे लागतात आणि तिसऱ्या वर्षी 'यंदा जमणार नाही, भाऊ' ऐकू येते. तिथून प्रायोजकाचा, म्हणजे गावच्या भाषेत स्पॉन्सरचा शोध सुरू होतो.

सीमाभागात यात आणखी एक गुंता आहे. नागपूर, अमरावती, भंडारा, गोंदिया इकडे. बैतूल, पांढुर्णा, छिंदवाडा, बालाघाट तिकडे. बैल तेच, धुरकरी तेच, सोयरीकही तीच. कायदा मात्र एक नाही. एका बाजूला रीतसर परवानगी काढून पट भरतो, दुसऱ्या बाजूला तो भरवणाऱ्यावर आणि त्याला पैसे देणाऱ्यावरही बालंट येऊ शकते. म्हणून प्रायोजकाच्या दारात जाण्याआधी पट कोणत्या राज्याच्या मातीवर भरणार, हे ठरवावे लागते.

पट म्हणजे काय

विदर्भात 'शंकरपट' किंवा नुसता 'पट', पश्चिम महाराष्ट्रात 'बैलगाडा शर्यत'. हलक्या दोनचाकी गाडीला जोडी जुंपायची, धुरकऱ्याने हाकायची आणि ठरलेले अंतर कमीत कमी सेकंदांत तोडायचे. काही ठिकाणी दोन जोड्या शेजारच्या पट्ट्यांवर एकमेकींविरुद्ध पळतात, काही ठिकाणी एकेक जोडी घड्याळाशी. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट महिला धुरकऱ्यांसाठीही ओळखला जातो. झाडीपट्टीत दिवसा पट आणि रात्री नाटक ही जोडी ठरलेली. नाटकाला तिकीट असते, त्यामुळे गावाच्या खर्चाला हातभार लागतो.

गाडीला जनावर जुंपून आठवणीची शर्यत लावण्याची रीत फक्त आपली नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेलावेअर काउंटीच्या जत्रेत १९४६ पासून 'लिटल ब्राउन जग' ही घोडागाडीची शर्यत होते. तिकडच्या जत्रांत दिवसभरात अनेक लहान शर्यती असतात. एखादे कुटुंब किंवा दुकानदार त्यातल्या एकाच शर्यतीचा भार उचलतो, तिला आपल्या माणसाचे नाव देतो आणि जिंकलेल्या घोड्याच्या पाठीवर नाव घातलेली चादर टाकतो. आपल्याकडे बैलाच्या पाठीवर झूल असतेच. ही कल्पना पुढे उपयोगी पडणार आहे.

एक प्रदेश, दोन कायदे

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. बैतूल, छिंदवाडा, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि त्यांची राजधानी भोपाळ झाली. तेव्हा कोणाला वाटले नसेल, पण पुढे पटाचे भवितव्यही याच रेषेवर फाटले.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९६० चा. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने खेळासाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाड्यांच्या शर्यती तमिळनाडू, महाराष्ट्र किंवा देशात अन्यत्र कुठेही चालणार नाहीत, असा निकाल दिला.

त्यानंतर तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक या तीन राज्यांनी आपापल्या हद्दीपुरती कायद्यात दुरुस्ती केली. महाराष्ट्राची दुरुस्ती २०१७ ची. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला सशर्त मोकळीक दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

त्या तीन राज्यांत मध्य प्रदेश नाही. म्हणजे वरूडच्या शिवारात जो पट परवानगीने होऊ शकतो, तोच काही किलोमीटरवर, सीमा ओलांडली की, २०१४ च्या निकालाच्या कक्षेत येतो. 'आमच्याकडे वर्षानुवर्षे होतो, कोणी विचारत नाही' हे उत्तर गावात चालेल. बँकेच्या शाखेत किंवा कंपनीच्या कायदा विभागात चालत नाही.

महाराष्ट्रात आधी परवानगी, मग पावती पुस्तक

महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांनुसार पटाला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. ठळक गोष्टी अशा:

- अर्ज शर्यतीच्या किमान १५ दिवस आधी द्यायचा. सोबत ५० हजार रुपयांची बँक हमी किंवा मुदत ठेव. नियम मोडले तर ती जप्त होऊ शकते.
- धावपट्टी १,००० मीटरपेक्षा लांब नको. दगडधोंड्यांची, चिखलाची जागा चालत नाही. रस्त्यावर किंवा महामार्गावर शर्यत घेता येत नाही.
- काठी, चाबूक, तुतारी (टोचणी), विजेचा झटका, शेपूट पिरगाळणे, सगळे बंद.
- बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी आणि तंदुरुस्तीचा दाखला. मैदानावर पशुवैद्यक आणि रुग्णवाहिका.
- शर्यतीचे चित्रीकरण करून ते प्रशासनाला सादर करायचे.

कायदा मोडल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. ही दुरुस्ती बैलगाडी शर्यतीपुरतीच आहे. घोड्यांच्या टांगा शर्यतीला तिचा आधार घेता येत नाही.

प्रायोजक मागण्याच्या दृष्टीने या यादीचा अर्थ सोपा आहे. परवानगीच्या अर्जाची पोच हाती असेल तर बोलणी पुढे सरकतात. परवानगीचे पत्र हाती आले की पैसा निघतो. आधी बॅनर छापून मग परवानगीच्या मागे धावणाऱ्या मंडळाला दुसऱ्या वर्षी कोणी उभे करत नाही.

पैसा कोण देतो, आणि कशासाठी

मोठ्या शर्यतींची हवा गेल्या काही वर्षांत भलतीच तापली. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडजवळच्या चिखलीत पहिले बक्षीस म्हणून जेसीबी होता. २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीत पहिल्या जोडीला थार गाडी मिळाली. त्यामागे मोठी नावे आणि मोठे पाठबळ होते. गावच्या स्मृती पटाने त्या वाटेला जाऊ नये. एकाच मोठ्या प्रायोजकावर पट उभा केला की त्याने हात काढताच पट बसतो, आणि ज्याच्या नावाने भरवला त्याचे नाव बाजूला पडून कंपनीचे राहते.

गावच्या पटाला परवडते ती खर्चाची फोड. एकूण रक्कम न मागता एकेक वस्तू मागायची:

- झूल आणि मानाची ढाल: विजेत्या जोडीची झूल घरच्या लोकांसाठी राखून ठेवावी. तिच्यावर फक्त दिवंगताचे नाव.
- गटवार बक्षिसे: 'अ' गट, 'ब' गट, गावगाडा, महिला धुरकरी. प्रत्येक गटाला वेगळा प्रायोजक. कृषी केंद्र, ट्रॅक्टरचे शोरूम, सराफ, पतसंस्था, दूध संघ हे इथले नेहमीचे देणारे.
- घड्याळ आणि कॅमेरा: सेकंदाच्या अपूर्णांकावर निकाल लागतो आणि भांडणही तिथेच होते. चित्रीकरण नियमानेही लागते. फोटो स्टुडिओ, मोबाइल दुकान, केबलवाले यांच्याकडून पैशाऐवजी काम घ्यावे.
- पशुवैद्यक, औषधे, पाणी, चारा: पशुखाद्य आणि औषध विक्रेत्यांना हे पटते. बैलांची काळजी घेणारा म्हणून नाव लागणे कोणाला नको असते?
- विमा: प्रेक्षक, धुरकरी आणि जोड्यांचा. हा खर्च दिसत नाही म्हणून कोणी घेत नाही. पण जोडी प्रेक्षकांत घुसली तर पहिला प्रश्न हाच येतो. एखाद्या विमा प्रतिनिधीने हप्त्याचा भार उचलला तर त्याचे नाव मुख्य फलकावर घ्यावे.

मंडप, लाउडस्पीकर, जेवण हे गावाने वर्गणीतून करावे. त्याला प्रायोजक शोधत बसू नये.

देणगी, जाहिरात आणि सीएसआर: तिन्हींत फरक

इथे सर्वात जास्त घोळ होतो. घरच्या मित्राने नाव न लावता पैसे दिले तर ती देणगी. दुकानदाराने फलकाच्या बदल्यात दिले तर ते प्रायोजन, म्हणजे जाहिरातीचा खर्च. पावतीवर दोन्हींपैकी काय ते स्पष्ट लिहावे.

देणगीवर आयकर सवलत मिळते ती संस्थेला तशी मान्यता असेल तरच, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही. मान्यता नसताना 'सूट मिळेल' असे सांगून पैसे घेणे म्हणजे फसवणूक.

प्रायोजन ही जीएसटीच्या हिशेबात सेवा धरली जाते, दर १८ टक्के. आयोजक गावचे साधे मंडळ आणि प्रायोजक कंपनी किंवा भागीदारी फर्म असेल, तर हा कर प्रायोजकाने 'रिव्हर्स चार्ज' पद्धतीने भरायचा असतो. तो खर्च त्याच्या डोक्यात असतो, आयोजकाच्या नसतो. म्हणून कबूल झालेली रक्कम आणि हाती आलेली रक्कम यांत कधी तफावत पडते. आधीच विचारून घ्यावे.

'कंपनीकडे सीएसआरचा पैसा पडून आहे' ही तिसरी समजूत. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते, हे खरे. पण २०२१ च्या सुधारित नियमांनी मालाच्या जाहिरातीसाठी केलेले प्रायोजन सीएसआरमधून स्पष्टपणे वगळले आहे. मॅरेथॉन, बक्षीस समारंभ यांसारखे एकदाच होणारे कार्यक्रमही त्यात बसत नाहीत, असे केंद्राच्या २०१४ च्या परिपत्रकात आहे. कायद्याच्या यादीत आहे ते ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण. त्यामुळे पटासाठी सीएसआर मागू नये. मागायचाच तर दिवंगताच्या नावाने कबड्डी, कुस्ती, खो-खोचे वर्षभर चालणारे प्रशिक्षण सुरू करून, नोंदणीकृत संस्थेमार्फत मागावा.

वर्गणीचेही नियम आहेत. महाराष्ट्रात नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करण्याआधी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाकडून परवानगी घ्यायची असते. मध्य प्रदेशात समिती नोंदवायची तर तिथला १९७३ चा सोसायटी नोंदणी कायदा लागतो. नागपूरची नोंदणी दाखवून बैतूलमध्ये पावत्या फाडल्या की प्रश्न उभे राहतात.

कोणाचा पैसा घेऊ नये

तंबाखू आणि गुटख्याच्या नावाने प्रायोजन घेणे २००३ च्या तंबाखू कायद्यात बसत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमच्या जाहिरातीला २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. दारूच्या दुकानाचा फलक लावणे म्हणजे परवानगीला स्वतःच सुरुंग लावणे. मैदानाबाहेर सट्टा घेणारा माणूस 'मंडळाला मदत' म्हणून पाकीट देतो, ते तर हातातही धरू नये. निवडणुकीच्या वर्षात पुढाऱ्याचा पैसा सहज येतो, पण मग पट त्याचा होतो. दिवंगताच्या घरच्यांना ते चालेल का, हे पाकीट उघडण्याआधी विचारावे.

पत्रात काय लिहावे

प्रायोजकाला दोन पानी गौरवगाथा नको असते. एक पान पुरते. त्याचा साचा असा:

> प्रति, (दुकान किंवा संस्थेचे नाव)
> विषय: स्व. (नाव) स्मृती शंकरपट, (गाव), दिनांक (…) — (गट किंवा वस्तू) याचे प्रायोजकत्व.
> स्व. (नाव) यांनी गावासाठी केलेले काम: दोन ओळी.
> परवानगी: जिल्हाधिकारी कार्यालयाकडे दि. (…) रोजी अर्ज, पोच क्रमांक (…). प्रत जोडली आहे.
> मागणी: (वस्तू), रक्कम रुपये (…).
> बदल्यात: फलकाचे माप, जागा, किती वेळा घोषणा.
> पट रद्द झाल्यास: रक्कम (…) दिवसांत परत, किंवा आपल्या लेखी संमतीने पुढील वर्षी जमा.
> पैसे फक्त मंडळाच्या खात्यात. हिशेब (…) तारखेपर्यंत देऊ.
> अध्यक्ष, सचिव आणि कुटुंबाच्या प्रतिनिधीची सही.

शेवटची सही महत्त्वाची. नाव ज्यांच्या घरचे आहे त्यांची लेखी संमती नसेल तर पुढे भावाभावांत वाद होतो आणि प्रायोजक मध्ये सापडतो.

'रद्द झाल्यास' ही ओळही शोभेची नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग पसरला तेव्हा महाराष्ट्रात जनावरांचे बाजार, वाहतूक आणि शर्यती थांबवण्यात आल्या. ज्यांनी आगाऊ पैसे घेऊन मंडपवाल्याला देऊन टाकलेले असतात, त्यांची अशा वेळी पंचाईत होते. परवानगी येईपर्यंत प्रायोजकाचा पैसा खात्यातच ठेवावा.

पलीकडून येणारी जोडी

महाराष्ट्रातल्या पटाला बैतूल-छिंदवाड्याच्या जोड्या येतात. दोन्ही राज्यांत गोवंश वाहतुकीचे कायदे कडक आहेत. जोडी घेऊन निघालेल्या मालकाजवळ मालकीचा पुरावा, पशुवैद्यकाचा प्रवासयोग्यतेचा दाखला, कानातल्या १२ अंकी टॅगची नोंद आणि आयोजकाचे निमंत्रणपत्र असावे. गाडीत जोडीला नीट उभे राहता यावे, पाण्याची सोय असावी. जोडी रस्त्यात अडली तर मालकाचा हंगाम जातो, आणि त्या गावाहून पुढच्या वर्षी कोणी येत नाही. टॅग आणि दाखल्यांची चौकशी आयोजकांनी प्रवेशाच्या वेळी फोनवरच करून घ्यावी.

मध्य प्रदेशात आठवण कशी जपायची

पलीकडच्या गावांपुढे आज दोन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे पट सीमेच्या अलीकडे, महाराष्ट्रातल्या नात्यातल्या गावात, तिथल्या मंडळाच्या नावाने आणि तिथल्या परवानगीने भरवणे. प्रायोजक दोन्हीकडचे चालतात. पावती मात्र महाराष्ट्रातल्या आयोजक मंडळाची हवी.

दुसरी वाट म्हणजे आठवणीचे रूप बदलणे. पोळ्याला उत्तम निगा राखलेल्या जोडीचा सत्कार, सजावटीची स्पर्धा, देशी बैलांचे प्रदर्शन आणि मोफत पशुआरोग्य शिबिर. पळवणे नाही, त्यामुळे पशुसंवर्धन खात्याची माणसे, बँक आणि दूध संघ यांना सोबत यायला अडचण कमी. स्थानिक प्रशासनाला लेखी कळवणे इथेही सुटत नाही.

खेळच हवा असेल तर भोपाळचेच उदाहरण आहे. नवाब घराण्यातल्या औबेदुल्ला खान यांच्या नावाची हॉकी स्पर्धा तिथे १९३१ मध्ये सुरू झाली. संस्थान गेले, राजधानी आली, मधे स्पर्धेत खंडही पडले, पण राज्याच्या क्रीडा विभागाच्या आधाराने ती पुन्हा भरली. देणारे बदलत गेले, कपावरचे नाव तेच राहिले. स्मृती स्पर्धा टिकली असे म्हणायचे ते यालाच.

आणि पटच हवा असेल तर रस्ता भोपाळमधूनच जातो. प्राण्यांवरील क्रूरता रोखणे हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. मध्य प्रदेश विधानसभेने दुरुस्ती विधेयक मंजूर करावे लागेल, आणि ते केंद्राच्या कायद्याला छेद देणारे असल्यामुळे त्याला राष्ट्रपतींची संमती लागेल. महाराष्ट्राची दुरुस्ती याच मार्गाने गेली. २०२३ चा निकाल हाताशी असल्याने ही मागणी आता हवेतली नाही. ती आमदाराकडे लेखी, गावसभेच्या ठरावासह न्यावी लागेल. तोपर्यंत लपूनछपून भरवलेल्या पटावर दिवंगताचे नाव लावणे म्हणजे एफआयआरमध्ये ते नाव जाण्याची वाट करून देणे.

तिसऱ्या वर्षासाठी

पट झाल्यावर पंधरा दिवसांत हिशेब चावडीवर लागला, प्रत्येक प्रायोजकाला त्याच्या फलकाचा फोटो आणि आभाराचे पत्र गेले, तर पुढच्या वर्षीचे अर्धे काम तिथेच होते. उरलेली रक्कम जेवणावळीत उडवू नये. ती मंडळाच्या नावाने मुदत ठेवीत टाकावी. दोन-तीन वर्षांत तिच्या व्याजातून निदान मानाची झूल आणि ढाल यांचा खर्च निघू लागतो. मग एखाद्या वर्षी दुष्काळ पडला, रोग आला, प्रायोजक फिरकला नाही, पट झाला नाही, तरी त्या तारखेला गावातल्या एका चांगल्या जोडीच्या पाठीवर झूल पडेल आणि नाव घेतले जाईल.